लिनोवर कोरली तारीख

जवसाचं तेल, बुचाचा भुसा, थोडी राळ आणि खाली तागाचं फडकं. एवढ्यातून लग्नाची तारीख छापता येते, आणि अशी छापता येते की कागदावरून बोट फिरवलं तर ती बोटाला लागते, हे मला आजवर कुणी सांगितलंच कसं नाही? आपण सगळे शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन मोठे होतो. स्थिरचित्रातली बादली, तिच्याशेजारची वांगी, सावली कुठल्या बाजूला पडते यावरून झालेले वाद, सगळं लख्ख आठवतं. पण लिनोकट, म्हणजे लिनोवर कोरून छापलेलं चित्र, मला भेटला तो थेट लग्न ठरल्यावर. आणि भेटला तेव्हापासून मी भाजीवाल्या मावशींपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना त्याच्याबद्दल सांगत सुटले आहे.

गरज तशी साधी होती. लग्न ३ मेला, पुण्यात. सासर नागपूरचं. माझी निम्मी माणसं कोल्हापूर-बेळगावकडची, होणाऱ्या नवऱ्याची निम्मी नागपूर-अमरावतीकडची. रीतसर लग्नपत्रिका छापून, देवापुढे ठेवून, घरोघरी पोचेपर्यंत एप्रिल उजाडतो, आणि तोवर मे महिन्यातल्या गाड्यांची वेटिंग लिस्ट पार हाताबाहेर गेलेली असते. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी करता यायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. म्हणजे आपल्या पाहुण्यांना नेमका दिवस कळायला हवा आणि तो वेळेत कळायला हवा. आजकाल सगळे पाठवतात तशी 'सेव्ह द डेट'ची चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून काम भागलं असतं. पण मला असं काहीतरी हवं होतं जे कालनिर्णयच्या शेजारी भिंतीवर टाचता येईल, येताजाता दिसेल, आणि 'अगं, मेमध्ये पुण्याला जायचंय ना' ही आठवण रोज करून देईल.

अभिनव कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेली माझी एक मैत्रीण आहे. तिच्याकडे हे बोलले, तर तिने पिशवीतून करड्या रंगाचा, चपलेच्या तळव्याएवढ्या जाडीचा एक चौकोन काढून माझ्या हातावर ठेवला. "वास घे," म्हणाली. घेतला. ओळखीचा, तेलकट, जरासा कडवट वास. "जवस," ती म्हणाली. हा लिनो. लिनोलियम. घरातल्या फरश्यांवर अंथरायला शोधलेली वस्तू! इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वॉल्टनने १८६३ साली तिचं पेटंट घेतलं. सांगतात की रंगाच्या डब्यावर जवसाच्या तेलाची रबरासारखी साय धरलेली त्याने पाहिली आणि त्याला ही कल्पना सुचली. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं, म्हणून त्याची साय धरते. त्या घट्ट तेलात राळ आणि बुचाचा भुसा मळायचा, तागाच्या फडक्यावर थापायचा, झाला लिनो. आणि आता खरी गंमत ऐका: ज्या शाईने छापायचं ती छपाईची तेलशाईसुद्धा जवसाच्याच तेलात घोटलेली असते! ती वाळते तीही तशीच, प्राणवायू शोषून. म्हणजे जवसावर कोरायचं आणि जवसानेच छापायचं. मी त्याच रात्री नागपूरला काकूंना, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंना, फोन करून हे सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या! "जवस तं आमच्याच इकडचं!" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी जवसाच्या चटणीची बरणी कुरिअरने निघालीसुद्धा.

मग मी वाचत सुटले. नंदलाल बोस यांनी १९३० साली केलेलं गांधीजींचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, हातात काठी घेऊन ताडताड चाललेले बापू, काळ्यावर पांढऱ्या रेषा. ते लिनोकट आहे! रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या मुलांच्या पुस्तकातली चित्रंही नंदलालबाबूंचीच, तीही लिनोवरची. आणि आपल्या मुंबईत, अंधेरीला राहून, चित्तप्रसाद यांनी कष्टकरी मुलांची लिनोचित्रं कोरली. त्यातल्या मुलांचे डोळे पाहिले की दोन मिनिटं काही सुचत नाही. लिनो घेण्यामागे साधं कारण होतं, तो स्वस्त, मऊ आणि कुणालाही परवडेल असा. ज्यांना चित्र लोकांच्या घरात पोचवायचं होतं त्यांनी तो उचलला. मला माझी तारीख लोकांच्या घरात पोचवायची होती!

कागद कुठला, हा प्रश्नच नव्हता. पुण्यात राहून हातकागद संस्थेत न जाणं म्हणजे काय? शिवाजीनगरला, कृषी महाविद्यालयाजवळ, १९४० पासून ही संस्था आहे. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने गेले आणि एकदाही आत वळले नव्हते. आत कागदाचा खजिना आहे. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, होजिअरीच्या कापडाच्या कातरणांचा असतो. सुती कातरणं बारीक करायची, पाण्यात घालून बीटरमध्ये तासन्‌तास कुटायची, तो लगदा जाळीच्या साच्यावर उचलायचा, पाणी निथळू द्यायचं, दाबायचं, वाळवायचं. सुताचे तंतू लांब, म्हणून कागद मऊ असूनही चिवट. शाई त्याच्यावर नुसती बसत नाही, त्याच्यात शिरते. महाराष्ट्राला हे नवं नाहीच. दौलताबादजवळचा कागजीपुरा, जुन्नर, पुण्यातला कसब्यातला कागदीपुरा, इथे शतकानुशतकं कागद बनला आणि मराठ्यांची दफ्तरं त्यावर लिहिली गेली. आणि भारताच्या राज्यघटनेची वसंत कृष्ण वैद्यांनी हाताने लिहिलेली जी हिंदी प्रत आहे, तिचा कागद पुण्याच्या हातकागद केंद्रातला! त्याच राज्यघटनेची पानं ज्यांच्या देखरेखीखाली सजली ते कलावंत कोण, तर नंदलाल बोस, आपले लिनोवाले. हे सगळं डोक्यात जुळलं तेव्हा मी हातात कागदाचा ताव धरून संस्थेतच उभी होते, आणि मला अगदी भरून आलं.

३०० जीएसएमचे पांढरे ताव घेतले. हा कागद कात्रीने कापायचा नाही, हेही मैत्रिणीनेच शिकवलं. घडी घालायची, घडीवरून ओल्या कुंचल्याने एकच रेघ ओढायची, मिनिटभर थांबायचं, मग पोलादी पट्टी दाबून अलगद फाडायचं. कडेला सुताचे बारीक तंतू सुटे राहतात आणि प्रत्येक कार्डाची कड वेगळी येते. यंत्रावरचा कागद एका दिशेला सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेला वेडावाकडा. हातकागदाला तशी दिशा फारशी नसते, तो दोन्हीकडे सारखाच समजूतदार. आम्ही पोस्टकार्डाच्या मापाची, १५ बाय १० सेंटिमीटरची, सव्वाशे कार्डं करायची ठरवलं होतं. फाडायचं काम बाबांनी मागून घेतलं आणि रात्री जेवणानंतर ते टेबलाशी असे बसायचे की टीव्हीवरच्या बातम्यांकडे त्यांचं लक्षही नसायचं.

आता कोरणं. इथे मला थोडं थांबूनच सांगायला हवं.

लिनोवर जे कोरून काढाल ते पांढरं राहतं, जे ठेवाल ते छापलं जातं. आणि सगळं उलटं कोरायचं असतं, आरशात दिसेल तसं. आम्ही चित्र ठरवलं आंब्याच्या डहाळीचं, पाच पानं आणि एक कैरी, कारण मेमधलं लग्न आणि दाराला आंब्याचं तोरण. पानांखाली भरीव पट्टा, त्यात पांढऱ्या अक्षरांत आमची दोघांची नावं, 'पुणे' आणि '३ मे'. मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर काढायचं, तो पालथा घालून लिनोवर घासायचा, अक्षरं आपोआप उलटी उमटतात. लिनो थंडीत कडक होतो. जानेवारीच्या सकाळी तो गच्चीवर उन्हात ठेवला की असा नरम पडतो की गाऊज त्याच्यातून लोण्यातून गेल्यासारखा जातो.

हे गाऊज म्हणजे छोट्या पन्हळी. लाकडी मूठ आणि पुढे इंग्रजी व्ही किंवा यू आकाराचं पातं. व्ही बारीक रेषेला, यू मोठी जागा साफ करायला. दुसरा हात कायम पात्याच्या मागे, पुढे कधीच नाही. आमच्यातली एक मैत्रीण दातांची डॉक्टर आहे. तिने गाऊज हातात घेतला आणि बाकीच्या सगळ्या बघतच राहिल्या. अनामिका लिनोवर टेकवून ती बाकीची बोटं अशी तोलून धरत होती की पातं केसभरही घसरत नव्हतं. "रोज हेच करते गं," म्हणाली, "अनामिका टेकव, मग हात थरथरत नाही." तिने दाखवलं आणि माझाही हात स्थिरावला! आणि मग तो शोध लागला ज्याने मी अक्षरशः ओरडले: वळण घेताना हात वळवायचाच नाही, लिनो फिरवायचा. उजवा हात जागच्या जागी, हळूहळू पुढे रेटत राहायचं, आणि डाव्या हाताने लिनो फिरवत न्यायचा. पात्यापुढून करड्या रंगाची बारीक सुरळी उलगडत जाते. कैरीची कड एका दमात आली. 'पु'चा उकार एका दमात आला. आणि शिरोरेषा! ती तर पट्टी धरून एकच सरळ रेटा. आपली लिपी या कामासाठीच घडली असावी असं वाटत होतं, आधी शिरोरेषेचा एक सरळ पाट काढायचा, मग त्याच्याखाली एकेक अक्षर लोंबवायचं.

'३ मे' कोरायला घेतलं तेव्हा एक मित्र चहाचे कप घेऊन आत आला, त्याने वाकून पाहिलं आणि किंचाळला, "अगं, सहा तारीख कोरतेयस!" खरंच, लिनोवर स्पष्ट ६ दिसत होता. तीन आरशात पाहिला की सहासारखाच दिसतो, म्हणून तर छत्तीसचा आकडा एकमेकांकडे पाठ फिरवून बसतो. आम्ही त्यावर एक पातळ कागद ठेवला आणि कागदाखाली नाणं ठेवून लहानपणी पेन्सिल घासायचो तशी पेन्सिल घासली. हळूहळू करड्या रंगातून सहाच वर आला, मग कागद पालथा करून उजेडाकडे धरला, तर तीन. सुलट, टपोरा, माझ्या लग्नाचा तीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मी तो कागद पाकिटात ठेवलाय.

शाईचा रंग आजीने ठरवला. लग्नाच्या कार्डावर काळा नको, हे सगळ्यांनाच मान्य होतं. मग कुठला? आजी आतून हिरव्या चुड्यातली एक बांगडी घेऊन आली आणि काचेवर ठेवून म्हणाली, "हा." झालं. हिरव्या शाईत सुईच्या टोकाएवढी काळी, मग कणभर पिवळी, सुरीने घोटायची, कागदाच्या तुकड्यावर बोटाने ठिपका द्यायचा, बांगडीशेजारी धरायचा. बांगडी आणि ठिपका वेगळे ओळखू येईनात तेव्हा आजीने मान हलवली.

शाई काचेवर पातळ पसरून रोलर फिरवायचा, आणि इथे डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. शाई जाड असली की रोलर पचपच असा चिकट आवाज करतो. बरोबर झाली की चर्रर्र असा बारीक, सलग आवाज येतो. मैत्रिणीने डोळे मिटून ऐकायला लावलं. "आता," ती म्हणाली, आणि मी लिनोवर रोलर फिरवला. कोरलेल्या खाचा पांढुरक्या, उरलेलं सगळं हिरवंगार ओलं. ओलसर केलेलं कार्ड कोपऱ्याशी कोपरा जुळवून ठेवलं. स्टीलच्या पळीच्या पाठीने गोल गोल घासलं, मधून बाहेर, कडांना जरा जास्त. प्रेस नाही, यंत्र नाही, वीज नाही. पळी! मग एक कोपरा धरून कागद सोलायचा. शाई आणि कागद एकमेकांना सोडताना हलकासा चिकट आवाज होतो, आणि समोर येतं ते आपण महिनाभर उलटं पाहिलेलं सगळं, सुलट. पाच पानं. एक कैरी. आमची नावं. मी काही बोलूच शकले नाही. कार्ड उलटून मागून बोट फिरवलं तर अक्षरं तिथेही लागत होती, कागदात इतकी खोल बसलेली.

आणि छापणं हे एकट्याचं काम नाहीच! छापणाऱ्यांचा एक नियम असतो, ज्याचे हात शाईचे त्याने कागदाला हात लावायचा नाही, ज्याचे हात कोरडे त्याने शाईला. म्हणजे किमान दोन माणसं हवीतच, आणि जितकी जास्त तितकं बरं. रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये माणसांची रांगच लागली. शाईच्या बाजूला मी आणि अभिनववाली. पळीवर दातांची डॉक्टर आणि माझा आतेभाऊ, आळीपाळीने, कारण खांदा भरून येतो. कागद ओलसर करून देणारी आई. सोलून दोरीपर्यंत नेणारा चहावाला मित्र, जो एरवी आयटीत काम करतो आणि ज्याने दहावीनंतर रंगाला हात लावला नव्हता. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी, तिला लाकडी चिमटे, आणि चिमट्यांना हिरवी डहाळी, हिरवी डहाळी, हिरवी डहाळी. एकसुद्धा दुसरीसारखी नाही. कुठे पानाच्या टोकाशी शाई जरा विरळ, कुठे कैरीच्या पोटात एक सुताचा तंतू.

दुपारी पिठलं-भात आणि नागपूरच्या जवसाच्या चटणीवर जेवणं झाली. कुणीतरी लग्नातली जुनी गाणी लावली, आई तिच्या लग्नातलं रुखवत आठवायला लागली, कुठल्या मावशीने कुठली झालर विणली होती, कुणी साखरेची तुळशीवृंदावनं केली होती. मग तीच म्हणाली, "आमच्याकडे महिनाभर आधी अशीच माणसं जमायची." आमच्याकडेही जमली होती! लग्नाला अजून कितीतरी अवकाश होता, हॉल ठरला होता तेवढाच, पण लग्न त्या दिवशी सुरू झालं असंच मला वाटतं, आणि मला हे सगळ्या ठरलेल्या जोडप्यांना ओरडून सांगायचंय.

तेलशाई वाळायला वेळ लागतो. आठवडा जाऊ दिला. तोवर होणाऱ्या नवऱ्याने पाकिटांवर पत्ते लिहिले, त्याचं अक्षर इतकं देखणं आहे हेही मला या निमित्ताने कळलं. मागच्या बाजूला काय घालायचं यावर चर्चा झाली. पत्रिकेसारखं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' नको, काका-मामांच्या नावांची यादी नको, ते सगळं पत्रिकेत मानाने येईलच. आयटीवाल्या मित्राने सुचवलं ते मला अजूनही सगळ्यात आवडतं. त्याने एक रबरी शिक्का करून आणला: '१ मेला निघणार असाल, तर रेल्वेचं आरक्षण २ मार्चला सकाळी ८ वाजता उघडतं.' साठ दिवस मागे मोजून, प्रवासाचा दिवस वगळून, अगदी अचूक. नागपूरची गाडी रात्रभर चालते, २ तारखेला सकाळी माणसं पुण्यात, ३ला लग्न. निमंत्रणाइतकीच ही ओळ आपुलकीची आहे असं मी मानते.

पहिलं कार्ड आजीने चार कोपऱ्यांना कुंकू लावून कसबा गणपतीला नेलं. बाकीची पोस्टात. ३०० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटरला ३०० ग्रॅम, तर आमच्या मापाचं एक कार्ड भरतं साडेचार ग्रॅम. पाकीट धरूनही २० ग्रॅमच्या पुष्कळ आत, म्हणजे प्रत्येकाला ५ रुपयांचं एक तिकीट, बस्स! एवढ्या सुंदर गोष्टीला घरपोच करायला ५ रुपये. जीपीओतल्या खिडकीवरच्या बाईंनी एक कार्ड पाकिटातून काढून पाहण्याची परवानगी मागितली, बोट फिरवलं, आणि शेजारच्या खिडकीवरच्या बाईंना बोलावलं.

मग फोन सुरू झाले. बेळगावच्या मामांनी ते देवघरात लावलंय. अमरावतीच्या काकांनी २ मार्चला आठ वाजून तीन मिनिटांनी तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला, पाच जणांची कन्फर्म तिकिटं. कोल्हापूरच्या आत्याने मात्र अभिनंदन-बिभिनंदन काही केलंच नाही. तिचा पहिला प्रश्न, "हा कागद कुठला?" दुसरा, "आणि ते कोरायचं पातं मिळतं कुठे?" तिच्या धाकटीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिला म्हटलं, कागद हातकागदमध्ये, लिनो आणि गाऊज अप्पा बळवंत चौकात विचार, आणि पळी तुझ्या स्वयंपाकघरात. येत्या रविवारी ती धाकटीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन पुण्याला येतेय. लिनो मी आणून ठेवलाय, आणि दातांच्या डॉक्टरणीला सकाळी नऊची वेळ दिली आहे.